सावकाशरावांचं ‘चालेल’

डेपोत त्यांना सगळे सावकाशराव म्हणत. सव्वीस वर्षं बस चालवली, पण गाडीला एक ओरखडा नाही. वळणावर ते इतके हळू होत की रोज प्रवास करणारी एक बाई म्हणायची, "यांचं एक वळण संपेपर्यंत माझ्या स्वेटरची एक बाही विणून होते." त्यावर सगळी बस हसायची. सावकाशराव हसायचे नाहीत. त्यांचं लक्ष आरशात असायचं.

घरी हा माणूस म्हणजे काळजीचं कोठार. बाहेर पडताना गॅस बंद आहे का, हे तीनदा बघणार. पाण्याची टाकी भरली तर वाहून जाईल म्हणून काळजी, वाहिली नाही तर रिकामी असेल म्हणून काळजी. बायको शाळेच्या ग्रंथालयात पुस्तकांची बांधणी करायची. हाताने चिवट आणि तोंडाने त्याहून. ती म्हणायची, "यांना काळजी करायला काही सापडलं नाही ना, तर मला धास्ती वाटते."

तो शुक्रवार होता. डेपोतल्या चालकांच्या डोळ्यांची वार्षिक तपासणी. एक डोळा झाकून, समोरच्या यंत्रात मधल्या ठिपक्याकडे बघायचं आणि आजूबाजूला दिवा लुकलुकला की बटण दाबायचं. सावकाशरावांना वाटलं, आपण छान दाबतोय. फक्त डावीकडे खाली दिवेच लागत नाहीत, यंत्र बिघडलंय बहुतेक. तसं ते तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंना म्हणालेही.

त्यांनी कागद वळवून समोर धरला. "दिवे लागत होते," त्या म्हणाल्या. "दोन्ही डोळ्यांना तो कोपरा दिसत नाहीये. काचबिंदू असावा. मंगळवारी डोळ्यांच्या दवाखान्यात जा, चिठ्ठी देते. तोवर गाडी हातात घेऊ नका. माझा अहवाल डेपोत बुधवारी पोचेल."

चिठ्ठी त्यांनी स्वेटरच्या आतल्या खिशात ठेवली आणि घरी कुणाला काही सांगितलं नाही.

त्याच संध्याकाळी मुलगी आली. ती दुसऱ्या शहरात, जमिनीचे नकाशे काढणाऱ्या कचेरीत नोकरी करायची. घरामागे दिवाळं निघाल्यासारखी उभी असलेली मोडकी पत्र्याची शेड एकदाची पाडली होती आणि थंडी ओसरली की तिथे बाग करायची ठरली होती. त्यासाठी तिने चौकटीचे कागद, टोकदार पेन्सिली आणि मापाची पट्टी आणली होती.

शनिवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर कागद पसरला. बाहेर धुकं. खिडकीच्या काचा आतून ओल्या झालेल्या. आबा, म्हणजे सावकाशरावांचे वडील, वय चौऱ्याऐंशी, कानटोपी घालून खुर्चीत रुतलेले.

"कांदे लावा," आबा म्हणाले.

"आबा, आधी वाफे कुठे ते ठरू दे," मुलगी म्हणाली. "बाबा, इथे दोन वाफे, मधे विटांची वाट. चालेल?"

"चालेल."

"नळापासून इथवर पाइप जमिनीखालून नेऊ या का?"

"चालेल."

"कांद्याचं काय झालं?" आबा.

बायको ओट्याशी उभी राहून कप विसळत होती. तिचा हात थांबला. पाइप जमिनीखालून? हा माणूस एरवी म्हणाला असता, गळला तर कळणार कसं, खणायचं कुणी, घराच्या पायात पाणी मुरलं तर भिंत बसेल. एका पाइपावर अर्धा तास सहज गेला असता. ती हात पुसत टेबलाशी आली.

"मी काय म्हणते," ती म्हणाली, "डाळिंबाचं झाड टाकीला अगदी चिकटून लावू. मुळांना ओल राहील."

मुलगी चमकून बघायला लागली. जमिनीतल्या टाकीला चिकटून झाड? मुळं टाकी फोडतील, हे तर लहान पोरालाही कळतं. बायकोने डोळ्यांनीच तिला गप्प केलं.

सावकाशराव कागदाकडे बघत होते. त्यांचं बोट मधल्याच एका चौकटीवर थांबलेलं.

"चालेल," ते म्हणाले.

त्या दिवशी बायकोच्या डोक्यात काय काय येऊन गेलं. नोकरी गेली? कुणाशी भांडण झालं? छातीत दुखतंय आणि लपवताहेत? ती दोनदा त्यांच्याजवळ गेली आणि दोनदा भलतंच काहीतरी विचारून परत आली. एकदा विचारलं, मोजे कुठे आहेत. मोजे त्यांच्या पायात होते.

सावकाशरावांच्या डोक्यात तर सोमवार घोळत होता. अहवाल बुधवारी पोचणार. सोमवारची सकाळची फेरी त्यांचीच, शाळेच्या वेळेची. रस्ता पाठ होता, प्रत्येक खड्डा ओळखीचा. दोन दिवसांनी असं काय बिघडणार? असं मनाशी म्हटलं की लगेच दुसरं काहीतरी वर यायचं. तीन आठवड्यांपूर्वी डावीकडे वळताना एक सायकलवाली मुलगी आभाळातून पडल्यासारखी चाकाशी उगवली होती. ब्रेक लागला. ती कठड्यावर आपटून पडली, उठली. आणि त्यांनी, आयुष्यात कुणावर आवाज न चढवणाऱ्या माणसाने, जागेवरून उठून डावीकडच्या खिडकीतून डोकं काढून विचारलं होतं, "डोळे आहेत की बटणं?"

ती बिचारी "चुकलं काका" म्हणून निघून गेली होती.

रविवारी ऊन पडलं. फिकट, पण ऊन. मापं प्रत्यक्ष जमिनीवर घ्यायची म्हणून सगळे मागे आले. आबांची खुर्चीही बाहेर आणली. जमीन गारठून टणक झालेली, खुंट्या ठोकताना हातोडी उलटी उसळत होती. सावकाशरावांनी चार खुंट्या ठोकल्या, मुलीने त्यांना सुतळी बांधली. मग ते पट्टीचं टोक घेऊन मागे वळले आणि डाव्या पायाने सुतळीत अडकून गुडघ्यावर आले.

"अरे, आत्ता तूच ठोकलीस ना ती खुंटी?" आबा म्हणाले.

ते उठले, माती झटकली, दोन पावलं गेले आणि डावीकडच्या बादलीवर आदळले. पाणी सांडून बायकोच्या चपलांखाली आलं. ती जागची हलली नाही.

"अहो," ती म्हणाली, "काय झालंय ते सांगा. शुक्रवारपासून तुम्ही माझ्या घरात नाही आहात."

त्यांनी स्वेटरमध्ये हात घातला आणि चिठ्ठी काढून तिच्या हातात दिली. तिने वाचली, मुलीकडे दिली. मुलीने दोनदा वाचली.

"काही फार नाहीये," सावकाशराव घाईघाईने म्हणाले. "कोपऱ्यातलंच आहे. मला दिसतं सगळं. डॉक्टरांची यंत्रं जरा..."

"बाबा, तिथे उभे राहा," मुलगी म्हणाली. आवाज तिच्या कचेरीतला होता, मोजमाप घेतानाचा. "समोर नळाकडे बघा. नजर हलवायची नाही. मी डाव्या बाजूने खुंटी पुढे आणते. दिसली की सांगा."

ते नळाकडे बघत उभे राहिले. नळाच्या तोंडाशी एक थेंब लोंबत होता. तो पडला, दुसरा जमा झाला.

"आण की," ते म्हणाले.

दुसरा थेंबही पडला.

"अगं, आण ना. किती वेळ?"

"आणलीय, बाबा," ती म्हणाली. "केव्हाची इथेच आहे."

त्यांनी मान वळवली. खुंटी त्यांच्या कोपरापासून वीतभर अंतरावर होती. मुलीचे डोळे भरले होते.

सावकाशराव बादली पालथी घालून तिच्यावर बसले. मग त्यांनी सायकलवाल्या मुलीची गोष्ट सांगितली. एका दमात, जमिनीकडे बघत. "मी तिला शिवी दिल्यासारखं बोललो गं," ते बायकोला म्हणाले. "आणि ती माफी मागून गेली. उद्या त्याच वळणावर शाळेची पोरं असतील. आणि मी काल दिवसभर विचार करत होतो, की जावं."

"आणि आता?"

"आता भीती वाटते."

"वाटू दे," बायको म्हणाली. "डेपोत फोन लावा. आत्ता. बुधवारची वाट कशाला बघायची?"

फोन डेपोच्या साहेबांनी उचलला. मागे कुठेतरी क्रिकेटच्या सामन्याचा आवाज होता. "बोला सावकाशराव! रविवारी फोन? बस अजून वळतेय का?"

"साहेब, उद्या मी गाडी काढणार नाही," ते म्हणाले. "परवाही नाही. बहुतेक कधीच नाही." आणि मग कारण सांगितलं. साहेबांनी सामन्याचा आवाज बंद केला. "बरं केलंत सांगितलंत," ते म्हणाले. "दुसऱ्या माणसाची सोय करतो. तुम्ही दवाखाना सांभाळा."

त्यांना वाटलं होतं, फोन ठेवल्यावर हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. नोकरीचं काय, आबांच्या औषधपाण्याचं काय, उरलेली नजरही गेली तर काय, असे प्रश्न एकामागून एक सुरू झाले. ते मागे गेले, नकाशाचा कागद उचलला आणि ओरडले, "टाकीला चिकटून डाळिंब? वेड लागलंय का तुम्हाला? आणि पाइप जमिनीखालून? गळला तर?"

बायको पायरीवर मटकन बसली आणि रडू लागली. हसतही होती. आबांना काहीच नीट ऐकू आलं नव्हतं. "काय ठरलं?" त्यांनी विचारलं.

"कांदे ठरले," मुलगी म्हणाली.

मंगळवारी नवरा-बायको बसनेच दवाखान्यात गेले. सावकाशराव कितीतरी वर्षांनी प्रवासी म्हणून बसले होते. प्रत्येक थांब्याआधी त्यांचा उजवा पाय आपोआप खाली दाबला जायचा. मोठ्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं: गेलेलं परत येणार नाही, पण थेंब नेमाने घातले तर राहिलेलं टिकवता येईल. पुढची दीड-दोन वर्षं तरी ते टिकलं. डेपोने त्यांना नव्या चालकांच्या शिकवणीवर घेतलं. गाडी चालवायची नाही, शेजारी उभं राहून सांगायचं. पहिल्या दिवशी ते नव्या चालकांना एका बंद बसभोवती फिरवतात आणि चालकाच्या जागेवरून काय काय दिसत नाही ते एकेक करून दाखवतात. त्यातच सकाळ जाते.

त्या सायकलवाल्या मुलीचा त्यांनी पुष्कळ शोध घेतला. त्या वळणावर कितीतरी सकाळी जाऊन उभे राहिले. ती पुन्हा काही दिसली नाही.