सगळं सोपं असलेला माणूस

दोन्ही हात पाठीमागे बांधायचे, मान जराशी तिरकी करायची आणि समोरच्या बिघडलेल्या वस्तूकडे बघून म्हणायचं, "यात काय हाये? सोपं हाये." हिंगोलीतल्या आमच्या कॉलनीत हे वाक्य कानावर आलं की शहाणी माणसं ती वस्तू उचलून घरात नेत. मी शहाणी नव्हते. आमचं भिंतीवरचं घड्याळ थोडं मागे पडायचं. फौजीकाकांनी ते दुरुस्त केलं. त्यानंतर ते कधीच मागे पडलं नाही, कारण ते चाललंच नाही.

फौजेतून निवृत्त होऊन आलेले, म्हणून सगळे त्यांना फौजीकाका म्हणत. नोकरीभर त्यांनी बर्फातल्या चौक्यांवर रसद पोचवणारा ट्रक चालवला. युद्धाच्या गोष्टी ऐकायला गेलं की ते गिअरबद्दल सांगत. शाळेने त्यांना प्रजासत्ताक दिनाला भाषणासाठी बोलावलं, तेही एकदाच. लेकरांना देशभक्ती किती मिळाली ठाऊक नाही, पण घाटात गाडी कशी उतरवायची ते नीट कळलं.

छंद माणसाला असतात. यांच्याकडे ते बिऱ्हाड थाटायला येत, एक गेला की दुसरा. गच्चीवर मधमाश्या पाळल्या. मध त्यांच्या घरी राहिला, सूज कॉलनीत वाटली गेली. मग पेटी आली. तिच्या सुरांमुळे शेजारच्या पोरीला बघायला आलेले पाहुणे चहा न घेताच उठले, असं खुद्द काकूच सांगत. कुकरमध्ये केकही झाला. तो आम्ही खाल्ला, देशासाठी.

एकदा ते पेरूच्या फांदीवर कलम बांधत होते. फांदी वाचणार नाही हे पेरूलाही कळलं होतं. मी म्हणाले, "काका, काहून एवढं करून राहिले? जरा निवांत बसा की."

"बसून काय होतंय ते पाह्यलंय म्या," ते म्हणाले.

मग सुतळी गुंडाळता गुंडाळता त्यांनी सांगितलं. एका हिवाळ्यात बर्फाने रस्ता बंद झाला आणि ते चौकीवरच अडकले. सोबतच्या दोस्ताला आई गेल्याचा निरोप आला. तो खाटेवर बसला. दुःख आहे, बसू द्या, असं सगळे म्हणाले. रस्ता उघडला तेव्हा त्याला खाली आणलं, पण तोवर तो कुणाला ओळखत नव्हता.

"आमी त्याला बसू दिलं," काका म्हणाले. "चांगलं वागायच्या नादात."

त्यानंतर वर्षभरात आमच्या मागच्या घरातल्या गुरुजींची बायको गेली. गणिताचे गुरुजी, कडक माणूस. ते ओसरीवरच्या खुर्चीत बसले ते बसलेच. दाढी वाढली. आम्ही बायका आळीपाळीने डबे द्यायचो, ते तसेच परत यायचे. बसू द्या, काळ हेच औषध, असं आम्ही एकमेकांना सांगून मोकळे झालो. असली औषधं देताना पदरचं काही जात नाही.

एका सकाळी मी डबा ठेवत होते, तेवढ्यात काका बुद्धिबळाचा पट घेऊन आले. गुरुजी एके काळी जिल्ह्यात नावाजलेले खेळाडू.

"गुरुजी, हे मला न्हाई जमून राहिलं," काका म्हणाले. "शिकवा."

मी डबा ठेवून तिथेच थांबले. हा माणूस असं बोलू शकतो हेच मला माहीत नव्हतं.

गुरुजींनी पाहिलंही नाही. काका खाली बसले, हत्ती मधोमध मांडले आणि एकटेच खेळू लागले. रोज यायचे, रोज तसंच. चार-सहा दिवस गुरुजींनी सहन केलं. मग काकांनी घोडा नाकासमोर सरळ नेला, तेव्हा शालीतून हात बाहेर आला.

"अहो, घोडा अडीच घरं चालतो."

"काहून? समोर रस्ता मोकळा हाये ना."

गुरुजी भडकले. भडकायला अंगात जोर लागतो, म्हणून त्या दिवशी जेवले. पुढे दाढीही केली.

मला वाटलं, काकांचं हे सगळं नाटक. काकूंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "नाटक कशाचं? घरी बी मोहरे घेऊन बसतेत. खरंच न्हाई येत त्यायला."

दोन वर्षं ते रोज हरले. गेल्या थंडीत छातीत दुखतंय म्हणून त्यांना दवाखान्यात नेलं, तिथून ते परत आलेच नाहीत. आता गुरुजी पुन्हा खुर्ची धरणार, असं आम्ही सगळ्यांनी ठरवून टाकलं. असं ठरवण्यात आमची कॉलनी वाकबगार आहे.

तेरावा झाल्यावर एका संध्याकाळी मी आमच्या पायरीवर बसले होते. स्वयंपाकाला उठायचं होतं, उठवत नव्हतं. अंधारायला लागलं तरी दिवा लावला नव्हता. फाटक वाजलं. गुरुजी होते. दाढी केलेली, काखेत पट.

"बाई, बुद्धिबळ येतं?"

"नाही," मी म्हणाले.

"बरं झालं," ते म्हणाले, आणि माझ्यासमोर पायरीवर बसून मोहरे मांडू लागले.