पाइनच्या वाटणीतलं नाव

फळी कोणतीही असो, उस्ताद आधी तिच्यावर बोटांच्या पेरांनी टकटक करायचे, मग कान लावायचे आणि मग नाक मुरडायचे. "घाईत वाढलंय," एवढाच निकाल. दुबईत रास अल खोरच्या आमच्या वर्कशॉपसमोर भराभर मजले चढवणाऱ्या इमारतीबद्दलही त्यांचं हेच मत होतं, आणि आमच्या मॅनेजरबद्दलही. मॅनेजरच्या बाबतीत मी आजही त्यांच्याशी सहमत आहे.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आम्ही हॉटेलांचे दरवाजे बनवायचो आणि मी ऑफिसात पत्रं टाइप करायचे. उस्ताद स्पेनचे. केरळी आणि पेशावरी सुतारांनी त्यांना उस्ताद म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव पडलं. त्यांचं इंग्रजी बेताचं, हिंदी त्याहून बेताचं, तरी बोलणं कधी अडलं नाही. असा एखादा परका माणूस तुमच्याही ऑफिसात असेल, ज्याचं गाव न पाहताच तुम्हाला पाठ झालेलं असतं.

त्यांचं गाव डोंगरात, चहूबाजूंनी पाइनचं रान. दगडी घरं, आणि घरावर खोलीएवढं रुंद धुराडं. त्याच्या पोटातच स्वयंपाकघर, हिवाळाभर सगळं घर तिथे चुलीभोवती बसलेलं. रान कुणा एकाच्या मालकीचं नाही. दरवर्षी तोडायची झाडं ठरवतात आणि चिठ्ठ्या टाकून गावकऱ्यांत वाटतात. पण वाटा मिळतो तो ज्याचं घर उघडं आहे, ज्याच्या धुराड्यातून धूर निघतो, त्यालाच. पूर्वी तिथले पुरुष बैलगाड्यांतून लाकूड घेऊन कित्येक महिने बाहेर असत, त्यामुळे कामासाठी जाणं चालतं. दुसरीकडे स्थायिक झालात की नाव कमी. उस्तादांची बहीण घर उघडं ठेवून होती. कोणाचा धूर निघत नाही हे बघतं कोण, असं मी विचारलं होतं. "शेजारी," ते म्हणाले. "आम्हाला दुसरं काम काय?"

मी हसले. आमचं सांगलीचं घर अकरा वर्षं कुलूपबंद आहे आणि तरी ते आमचंच आहे, असं त्यांना ऐकवलं. त्यांनी विचारलं, मग तिथे राहतं कोण? मला भयंकर राग आला. दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही.

एका वर्षी त्यांच्या गावच्या पंचायतीने कंपनीचं पत्र मागितलं. हा माणूस तिथे काय काम करतो, किती दिवसांसाठी आलाय, एवढंच. आता गल्फमधल्या आपल्या लोकांना पत्र लिहायची एक खोड असते. बँक असो, शाळा असो, वकिलात असो, पत्रात माणूस भक्कम दिसला पाहिजे. मी झोकात लिहिलं की हे आमचे कायमस्वरूपी कर्मचारी असून दुबईचे रहिवासी आहेत. मॅनेजरने न वाचता सही ठोकली. उस्तादांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. शिक्का ठळक उमटलाय ना, तेवढं त्यांनी पाहिलं आणि माझ्या टेबलावर खजुराचा डबा आणून ठेवला.

पंधरवड्याने उलट फॅक्स आला. दुबईत स्थायिक झाल्यामुळे नाव कमी केलं होतं. मी लगेच दुसरं पत्र पाठवलं, चूक माझी आहे असं स्पष्ट लिहिलं. उत्तर आलं की शिक्का पहिल्या पत्रावरही आहे, हरकत असेल तर चिठ्ठ्यांच्या आधी स्वतः हजर व्हा.

हजर कसं होणार? पासपोर्ट कंपनीच्या कपाटात. तेव्हा सगळ्यांचेच असायचे आणि आम्ही निर्लज्जपणे त्याला रीत म्हणायचो. मॅनेजर म्हणाला, "पहले डिलिव्हरी, हबीबी. उसके बाद जाओ, इन्शाल्ला." मी भांडले, तर म्हणाला, लाकडाच्या गोदामात बसून हा चार झाडांसाठी रडतोय. त्यावर मी त्याला नको ते बोलले.

पण कपाटाची किल्ली माझ्या ड्रॉवरमध्ये होती. उस्तादांना ते ठाऊक होतं. चार दिवस ते रोज काहीतरी निमित्त काढून माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. त्यांनी मागितलं नाही, मी दिलं नाही. माझा व्हिसा त्याच मॅनेजरच्या हातात होता, मुलगी शाळेत होती. कारणं खरी होती, म्हणून तर स्वतःची जास्त चीड येते. मॅनेजरला शिव्या देणं सोपं आहे, ते मी इतकी वर्षं करतेच आहे.

चिठ्ठ्यांच्या दिवशी दुपारी त्यांनी ऑफिसमधून गावच्या कचेरीत फोन लावला. बहिणीने तिकडचा रिसीव्हर सभेच्या दिशेने धरून ठेवला होता. ओळीने एकेक घराचं नाव पुकारलं जात होतं, ते मलाही बारीक ऐकू येत होतं. उस्ताद प्रत्येक नावाला मान हलवत होते. मधेच हसून म्हणाले, याच्या वाट्याला दरवर्षी वाकडीच झाडं येतात. मग त्यांच्या घराच्या अलीकडच्या घराचं नाव झालं, आणि लगेच पलीकडच्या घराचं. आता फोन ठेवतील असं मला वाटलं. त्यांनी ठेवला नाही. शेवटच्या नावापर्यंत ते तसेच उभे राहून ऐकत होते.

"सगळ्यांना मिळाली," ते मला म्हणाले, आणि डिलिव्हरीचे दरवाजे घासायला बाहेर गेले.