बंदूक खाली आहे ना?

अमेरिकेतल्या अल्फारेटा गावच्या त्या वसाहतीत घरं सगळी एका मापाची, एका रंगाची. नवीन माणसाला आपलंच दार ओळखायला आठवडा लागतो. रत्नाबाईंचं दार मात्र कुणालाही सापडतं. दुपार कलली की त्या दारातून ज्वारीच्या भाकरीचा खरपूस वास येतो आणि बाहेरच्या पायरीवर चार-पाच लहान चपला-बूट उलटेसुलटे पडलेले असतात. आईबाप कामावरून येईपर्यंत आजूबाजूची मुलं रत्नाबाईंकडे खेळतात. त्यांत तेलुगू मुलं आहेत, गुजराती आहेत, एक कोरियन मुलगीही आहे. सगळी त्यांना आजीच म्हणतात. त्या कोरियन मुलीची आईसुद्धा आजी म्हणते.

बाई मूळच्या जत तालुक्यातल्या. नवरा लवकर गेला. पदरात दीक्षा. मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाला लागल्या आणि तिथल्या चुलीपुढं उमेदीची सगळी वर्षं घातली. त्या भित्र्या आहेत, असं सगळे म्हणायचे आणि ते खरंच होतं. आमटीचं पातेलं उतरवताना त्या अख्खं स्वयंपाकघर रिकामं करायला लावत. मुली हसायच्या. पण त्या स्वयंपाकघरात इतक्या वर्षांत एकाही मुलीच्या अंगावर कढत पाण्याचा थेंब उडाला नाही, ही गोष्ट हसणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी. काही माणसं दुसऱ्यांच्या वाट्याचं भिऊन टाकतात. रत्नाबाई त्यांतल्या.

दीक्षा फार्मसी शिकली, अमेरिकेला आली, नागपूरच्या रवीशी तिचं लग्न झालं, आन्या जन्मली, आणि आईला तिनं कायमचं इकडं आणलं. इथं भिण्यासारख्या वस्तू पुष्कळ होत्या. आपोआप सरकणारा जिना होता. फोडणी दिली की छतावरून किंचाळणारी धुराची घंटा होती. रविवारी बुद्धवंदनेसाठी सगळे भाड्याच्या हॉलमध्ये जमले की बाई शेवटच्या रांगेत बसत आणि ओठांतल्या ओठांत शीलं म्हणत. परक्या देशात आपला आवाज कुणाला टोचू नये म्हणून त्या इथं कधी मोठ्यानं बोलल्या नव्हत्या. आन्याला हाक मारायची तरी जवळ जाऊन, खांद्याला हात लावून.

त्या उन्हाळ्यात रवीचा धाकटा भाऊ अनिल नागपूरहून आला. पोरगा दिलखुलास. आल्या दिवसापासून घर हसतं केलं त्यानं. न्यूयॉर्क झालं, धबधबा झाला, आणि मग एका शनिवारी सकाळी चहा पिताना तो म्हणाला, "भाऊ, आज बंदूक चालवायची. अमेरिकेत येऊन बंदूक नाही चालवली तर आमच्या सदर मोहल्ल्यातले दोस्त मला घरात घेणार नाहीत."

रवी हसला. "शूटिंग रेंज आहे जवळच. दहा मिनिटं ड्राइव्ह."

"मी पण येणार!" आन्या म्हणाली. तिला नुकतं दहावं लागलं होतं. "बाबा, प्लीज! आमच्या क्लासमधल्या रायनच्या बर्थडेला सगळे गेले होते."

"शूट नाही करायचं हं. फक्त बघायचं."

रत्नाबाईंनी हातातली बशी खाली ठेवली. "तिला कशाला नेता तिथं? आज बंदूक बघायला जायचं आणि उद्या जीव घेणार नाही म्हणून शीलं म्हणायची, हे काय?"

"मावशी, कागदावर मारून राहिलो आम्ही," अनिल म्हणाला. "कागदाला कुठं जीव असतो?"

"कागदाला नसतो. बघणाऱ्याला असतो ना, बाबा."

"तुम्ही पण चला मग. आमच्यावर लक्ष ठेवा."

त्यानं थट्टा केली होती. रत्नाबाई आत गेल्या, लुगडं बदललं, पायात बूट घातले आणि गाडीत आन्याच्या शेजारी जाऊन बसल्या.

टायरचं दुकान आणि एक चर्च यांच्या मधोमध ती रेंज होती. बाहेरून एखाद्या किराणा गोदामासारखी दिसायची. गाडीचं दार उघडलं तोच भिंतीआडून आवाज आला. बंद खोलीत कुणी फळ्या आपटाव्यात तसा. आणि त्या आवाजात लोक आईस्क्रीम खात उभे होते. एका माणसाच्या कडेवर तान्हं मूल होतं आणि त्या मुलाच्या कानांवर आवाज अडवणारे गुलाबी रंगाचे जाड कानझापे होते. रत्नाबाईंना त्या एवढ्याशा कानझाप्यांचीच जास्त भीती वाटली. एवढ्या लहान मापाचे करतात म्हणजे लागत असणार.

आत एका उंच बाईनं त्यांना नियम सांगितले. केस पिकलेले, पाठीवर वेणी, अंगात लाल जॅकेट. गोळीबाराच्या जागेवर देखरेख तिचीच. रवीनं रत्नाबाईंना मराठीत समजावलं, "आई, ही पिवळी रेघ. तुम्ही आणि आन्या रेघेच्या अलीकडे, या बाकावर. आम्ही पुढं. बंदूक हातात नसेल तेव्हा त्या फळीवर, आडवी, तोंड पलीकडे. ती वर उचलायची नाही, मागं वळवायची नाही."

रत्नाबाईंनी एवढंच मनाशी घट्ट धरलं. बंदूक खाली असली की बरं. वर आली की वाईट.

कानझापे घातल्यावर जग दूर गेलं. आवाज मात्र कानातून यायचा थांबून छातीतून यायला लागला. शेजारच्या कप्प्यात कुणी बार काढला की बाकाची लाकडी फळी मांडीखाली थरारायची. अनिलनं पहिली गोळी झाडली तेव्हा रत्नाबाईंनी आन्याचं मनगट पकडलं आणि सोडलंच नाही.

"आजी, चिल," आन्या म्हणाली. "यू आर हर्टिंग मी."

बाईंनी पकड सैल केली. हात काढला नाही.

अनिलनं गोळ्या झाडल्या. मग एक तापलेली रिकामी पुंगळी उडून त्याच्या कॉलरमध्ये शिरली आणि तो शर्ट झटकत नाचत मागं आला. आन्या खदखदून हसली. अनिल पाणी लावायला बाथरूमकडे पळाला. रवीनं बंदूक घेतली, पुन्हा भरली, काही बार काढले. तेवढ्यात त्याच्या मनगटावरचं घड्याळ थरथरलं. दीक्षाचा फोन. औषधांच्या दुकानात शनिवारची गर्दी असते, एरवी ती कामावरून फोन करत नाही. रवीनं सांगितलं होतं तशीच बंदूक फळीवर आडवी ठेवली, तोंड पलीकडे, आणि 'आलोच' अशी खूण करून बाहेर गेला. बंदुकीत गोळी उरली होती. पटकन परत येऊ, असं त्याला वाटलं. लाल जॅकेटवाली तेव्हा दूरच्या टोकाला कुणाची तरी अडकलेली बंदूक सोडवत होती.

अनिल मान चोळत परत आला. भाऊ दिसला नाही. फळीवरची बंदूक दिसली.

"आन्या, माझा फोटो काढ बेटा. मस्त यायला पाहिजे." त्यानं फोन तिच्याकडे दिला. मग जाता जाता, शहाण्या माणसासारखं, तो रत्नाबाईंकडे वळला. कानझाप्यांमुळं ओरडूनच विचारावं लागलं. "मावशी! बंदूक खाली आहे ना?"

इथं थोडं थांबायला हवं. नागपूरकडचा माणूस डबा खाली आहे म्हणतो तेव्हा डब्यात काही उरलेलं नसतं. जतकडं डबा खाली आहे म्हटलं की लोक फळीखाली बघतात. तिकडं पोकळ डब्याला रिकामा म्हणतात, रिता म्हणतात. दोघंही मराठीच बोलत होते. शब्द एकच होता.

रत्नाबाईंनी फळीकडे बघितलं. बंदूक आडवी पडली होती, कुणाच्या हातात नव्हती, वर नव्हती. "व्हय," त्या म्हणाल्या, "खाली आहे." आणि पोरानं विचारून घेतलं याचं त्यांना बरं वाटलं.

अनिलनं बंदूक उचलली. उचलली आणि वळला.

दोन्ही हातांत धरून, एक डोळा बारीक करून, पोस्टरवरचा नट उभा राहतो तसा तो उभा राहिला. बोट आत, घोड्यावर. नळी सरळ समोर. आणि समोर, चार हातांवर, फोन डोळ्यांपुढं धरून आन्या.

रत्नाबाईंना ते काळं भोक दिसलं. एवढंसं. करदोट्याच्या मण्याएवढं. ते पोरीच्या कपाळाकडे बघत होतं. आणि मग कुठून कोण जाणे, बाईंचा इतक्या वर्षांचा दाबलेला आवाज एकदम वर आला.

"खाली! अनिल, खाली! खाली!"

अनिल हसला. मान डोलावली. "हो मावशी, खालीच आहे!" आणि फोटोसाठी त्यानं हात आणखी ताठ केले.

ओरडावं तितका तो निर्धास्त होत होता. बाईंना ते कळेना. एवढंच कळलं की आपला शब्द त्याच्यापर्यंत पोहोचतोय आणि तरी काहीच होत नाही. स्वप्नात हाक मारावी तसं. मग त्यांनी शब्दाचा नाद सोडला. पिवळी रेघ ओलांडली, खांद्याची पिशवी दोन्ही हातांनी उचलली आणि अनिलच्या हातांवर घातली.

"सीज फायर! सीज फायर!"

गोळीबार थांबवा असं ओरडत लाल जॅकेटवाली केव्हा धावत आली ते कुणाला दिसलं नाही. तिनं अनिलचं मनगट धरून नळी जमिनीकडे दाबली, त्याची बोटं एकेक सोडवली, बंदूक काढून घेतली. मागचा भाग खेचला. आतून एक गोळी टपकन पडली आणि घरंगळत रत्नाबाईंच्या बुटापाशी येऊन थांबली. जमिनीवर रिकाम्या पुंगळ्यांचा सडा होता. त्या सगळ्यांना टोकं नव्हती. हिला होतं, तांब्याच्या रंगाचं, गुळगुळीत.

सगळ्या कप्प्यांतले बार थांबले होते. अनिलनं त्या गोळीकडे बघितलं आणि तो भिंतीला टेकून खाली बसत गेला. "मी विचारलं होतं," तो पुटपुटत होता, "मावशी, मी तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही म्हणालात खाली आहे."

"होतीच की रे खाली! फळीवर होती!"

रवी दारातून आत येत होता. त्यानं दोघांचं बोलणं ऐकलं आणि त्याचा चेहरा कागदासारखा झाला. "अरे, त्यांच्याकडं खाली म्हणजे... अनिल, त्या एम्प्टी नाही म्हणाल्या." एवढं बोलून त्यानं आजूबाजूला बघितलं. "आन्या कुठाय?"

रत्नाबाई वळल्या. बाकावर पोर नव्हती. रेघेपाशी नव्हती. बार तर झालाच नव्हता, हे त्यांना ठाऊक होतं, तरी त्यांची नजर आधी जमिनीवर फिरली, रक्त शोधत.

बाकाखाली निळे बूट दिसले.

आन्या अगदी आत, भिंतीला चिकटून बसली होती. गुडघे पोटाशी, डोकं गुडघ्यांत. फोन छातीवर पालथा दाबलेला, उजेड दिसू नये म्हणून. रत्नाबाई गुडघ्यांवर बसल्या, मग हातांवर, मग बाकाखाली डोकं घातलं. "ये बाहेर, सोने. झालं. बंदूक घेतली तिनं काढून."

पोरीनं ओठांवर बोट ठेवलं. "शू."

"अगं, मी आहे. आजी. ये."

"नाही." आवाज इतका बारीक, की ओठांवरून वाचावा लागला. "असंच बसायचं असतं. कुणी नाव घेऊन बोलावलं तरी बाहेर नाही यायचं. रडायचं पण नाही."

"कुणी सांगितलं तुला हे?"

"स्कूलमध्ये. कुणी गन घेऊन आत आलं तर काय करायचं, त्याची आम्ही प्रॅक्टिस करतो ना. लाइट ऑफ, कॉर्नरमध्ये." मग थोड्या अभिमानानं, "मी सगळ्यात क्वाएट असते, आजी. मिस म्हणतात."

रोज सकाळी रत्नाबाईच तिला पिवळ्या बसमध्ये बसवत. डब्याचं झाकण नीट लागलंय का, पाण्याची बाटली गळत नाही ना, एवढीच काळजी करत. बस वळणाआड गेली की पोर सुखरूप पोहोचली, असं धरून चालत. भ्यायचं ते सगळं त्या भ्यायल्या होत्या, आणि नेमकं हेच कुणी त्यांना सांगितलं नव्हतं.

रवीनं वाकून हाका मारल्या. अनिलनं रडत माफी मागितली. आन्या हलली नाही. बाईंनी तिला सोने म्हटलं, चिमणे म्हटलं, माय म्हटलं. मराठीतला एकही शब्द त्या बाकाखाली पोहोचत नव्हता.

तेव्हा ती लाल जॅकेटवाली जमिनीवर मांडी घालून बसली. रागानं तिचे ओठ अजून थरथरत होते, पण आवाज तिनं मऊ केला. "ऑल क्लिअर, स्वीटी," ती म्हणाली. "ऑल क्लिअर."

आन्यानं मान वर केली. एका क्षणात ती बाहेर आली, गुडघ्यांवरची धूळ झटकली, आणि मग बापाच्या कमरेला मिठी मारून मोठमोठ्यानं रडायला लागली. आता रडायची परवानगी होती.

त्या बाईनं त्यांना दारापर्यंत आणून सोडलं आणि पुन्हा इथं यायचं नाही असं सांगितलं. कुणी वाद घातला नाही. गाडीत अनिल पुढं बसला होता, दोन्ही हात मांडीखाली घालून. दीक्षाला कोण सांगणार, कसं सांगणार, हे अजून ठरायचं होतं. आन्या रडून रडून रत्नाबाईंच्या मांडीवर झोपी गेली होती.

"रवी," बाई म्हणाल्या, "ती काय म्हणाली रे? पोर बाहेर आली तो शब्द."

"ऑल क्लिअर, आई. धोका टळला, असं. शाळेतही सराव संपला की हेच म्हणतात."

"परत म्हण."

त्यानं म्हटलं. रस्ता ओळखीचा होता, दोन्ही बाजूंना पाईनची उंच झाडं होती, आणि पुढं आन्याच्या शाळेची लांबलचक इमारत लागली. सुट्टीमुळं बंद. रत्नाबाईंनी झोपलेल्या पोरीच्या कानावर हात ठेवला आणि काचेकडे तोंड करून तो शब्द जिभेवर घोळवायला सुरुवात केली. आधी तुटक, मग जोडून. उच्चार चुकला तर पोर बाहेर येणार नाही, म्हणून त्या पुन्हा पहिल्यापासून म्हणत होत्या.