अर्धी बॅग

"कोणाकोणाचं नेतेयस?" प्रवासाला निघालेल्या प्रत्येकाला काकूंचा हा पहिला प्रश्न असे. सुट्टी किती दिवसांची, सोबत कोण, हे नंतर.

भारतात जाणारी बॅग आमच्या डब्लिनमध्ये, म्हणजे ओहायोतल्या, कधी एकट्याची नसते. तुमच्याही गावात हे चालत असेल. जाताना कोणाच्या सासऱ्यांना व्हिटॅमिनच्या बाटल्या, कोणाच्या भाचीला बूट. येताना गोडा मसाला आणि मेतकूट. हे सगळं काकूंच्या लिव्हिंग रूममध्ये जमा होई. अर्धी बॅग आपली, अर्धी लोकांची, हा त्यांचा नियम. बाटल्या मोज्यांत घालत, मोजे बुटांत. कोणी कुरकुरलं की सुनावत, "हात हलवत जाणार? लोक काय नुसतं तुझं तोंड बघायला थांबलेत?"

काका गेले आणि काकूंचं फिरणं ग्रोसरी आणि देऊळ एवढ्यावर आलं. दोन वर्षांनी मुलीने क्रोएशियातल्या डुब्रोव्हनिकची दोन तिकिटं काढली. समुद्राकाठचं जुनं शहर, भोवती दगडी तट. मुलगी इथेच जन्मलेली, शिकागोत वकील. ही ट्रिप झाली तर आई पुन्हा घराबाहेर पडायला लागेल, असं तिला वाटत होतं. नाही झाली तर पुढे काय, हे ती बोलत नव्हती.

निघायच्या आदल्या दिवशी मी गेले तेव्हा मोठी बॅग कार्पेटवर उघडी होती. एका बाजूला सुती कुर्ते, टोपी, झिजून गुळगुळीत झालेल्या फरशांवर पाय घसरू नये म्हणून रबरी तळाचे बूट, चर्चमध्ये खांद्यावर घ्यायला ओढणी. दुसरी बाजू रिकामी.

"तिथे आपलं कोणी आहे का गं?" काकूंनी मला विचारलं. "बदाम तरी नेते."

"कोणी नाही, काकू."

"मग जायचं कोणाकडे?"

"आई, वी हॅव अ हॉटेल!" मुलगी जिन्यावरून म्हणाली.

"हॉटेलवाल्याला बदाम देऊ?" काकूंनी बॅगेचं झाकण टाकलं. "ज्या गावात कोणी वाट बघत नाही तिथे कशाला जायचं? कॅन्सल कर."

मुलगी खाली येऊन बॅगेशेजारी बसली. एरवी तिचं मराठी दोन शब्दांपुढे जात नसे.

"मी बघतेय ना वाट," ती म्हणाली. "दोन वर्षं. तू बाहेर येशील म्हणून."

काकू बराच वेळ ओढणीची घडी मोडत, घालत बसल्या. मग उठल्या आणि काकांची ऑफिसच्या टूरची छोटी बॅग घेऊन आल्या. सगळं त्यात बसलं.

"एवढ्याशा सामानाला हे धूड कशाला?" त्या म्हणाल्या आणि मोठी बॅग पायाने बाजूला सारली.

पाचव्या दिवशी फोनवर त्यांचा व्हॉइस मेसेज आला. "अगं, तटाखाली एक बाई अंजिरं विकते. मला तिची भाषा येत नाही, तिला माझी नाही. आज मला उशीर झाला, तर तिनं माझी बाजूला काढून ठेवली होती." पुढे लेकीला हाक मारली, "चल गं, वर जाऊ." रेकॉर्डिंग बंद करायचं राहिलं होतं. त्यानंतर नुसता वारा, आणि दगडी पायऱ्या चढणारी दोन माणसांची पावलं.