सुधाकरची तीनचाकी

वहिनींचा फोन आला तेव्हा मी अंगणात दात घासत होतो. "भाऊजी, हे गेले. चहा प्यायले, कप नीट बशीत ठेवला आणि गेले," एवढंच त्या म्हणाल्या. सुधाकरला अर्धवट सोडलेलं काम आवडत नसे, तेव्हा चहा संपवून जाणं त्याला शोभणारंच होतं. पुढे अंबरनाथ पूर्वेच्या एका हॉलमध्ये शोकसभा झाली. फोटोपेक्षा हार मोठा होता आणि हारापेक्षा भाषणं. एका वक्त्याने त्याला 'उद्योगनगरीचा दीपस्तंभ' म्हटलं, तेव्हा शेजारी बसलेल्या वहिनी हळूच म्हणाल्या, "घरातली ट्यूबलाइट बदलायला सांगितली तर महिना लावायचे." आम्ही दोघंही हसलो, आणि पुढच्या रांगेतल्या लोकांनी मागे वळून बघितलं. त्या सगळ्या भाषणांत तीनचाकीचा उल्लेख कुणीच केला नाही, म्हणून हे लिहितो आहे.

सुधाकर अंबरनाथच्या एका कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात अधिकारी होता, मी तिथेच खरेदी खात्यात. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला त्याला रद्दीच्या दुकानात एक परदेशी मासिक मिळालं. त्यात एक फोटो होता. फुग्यासारखी गुबगुबीत तीन चाकं, त्यावर मोटरसायकलवर बसतात तसा बसलेला माणूस आणि खाली रस्ताच नाही, नुसती वाळू. आपल्याकडे तीन चाकं म्हणजे रिक्षा, आणि रिक्षाला रस्ता लागतो, निदान तसं म्हणायची पद्धत आहे. सुधाकर मात्र तो फोटो खिशात घेऊन हिंडू लागला. "टायरमध्ये हवा इतकी कमी, की तोंडाने फुंकून भरावी. चिखलात रुतणारच नाही," तो सांगायचा. "अरे, पण कशाला?" मी एकदा विचारलं. तो म्हणाला, "इतकी वर्षं दुसऱ्यांच्या ड्रॉइंगवर सह्या केल्या. माझी एक तरी वस्तू कुणीतरी रोज वापरताना बघायचीय."

गाडी तयार झाली उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये, गोपभाई या सिंधी वेल्डरच्या वर्कशॉपमध्ये. इंजिन जुन्या स्कूटरचं, आणि टायर म्हणजे ट्रकच्या ट्यूबवर कारखान्यातल्या टाकाऊ रबरी पट्ट्यांचं आवरण. गोपभाई रोज नवा टोमणा मारायचे. "साईं, ये गाडी है के भैंस?" सुधाकर म्हणायचा, "भैंस ही समझो." "भैंस दूध तो देती है," असं म्हणून गोपभाई पुन्हा वेल्डिंगला बसायचे. वर्षभराने ती चालली. बदलापूर गावातल्या माझ्या अंगणात ती ठेवायची ठरली, कारण पुढची शेतं आणि डोंगर चाचणीला जवळ होते. या गाडीची एक खोड होती. वळताना ती कलायची, आणि घाबरून कुणी पाय खाली टेकला की मागचं चाक त्याच पायावर चढायचं. आम्ही सगळे स्कूटरवाले, गाडी कलली की पाय खाली जाणारच. म्हणून सुधाकर धुळीत धावत ओरडायचा, "पाय वर! पाय वर!" त्याला स्वतःलाही ते पुरतं जमलं नव्हतं. एकदा त्याचं खांद्याचं हाड मोडलं. पण पुढे ती सवय अंगात इतकी भिनली की खुर्चीत, रिक्षात, लग्नाच्या पंगतीतही त्याचे पाय कधी जमिनीला लागले नाहीत. खुर्चीच्या खालच्या दांडीवर ते जाऊन बसायचे.

मग कंपनीने ही गाडी बनवावी म्हणून मोठ्या साहेबांना दाखवायचं ठरलं. दाखवायची म्हटल्यावर मंडप आला, नारळ आला, फोटोग्राफर आला. गाडीला इतक्या माळा घातल्या की तिला पुढचं दिसेना. सुधाकरने साहेबांना पुन्हा पुन्हा बजावलं, "काही झालं तरी पाय वर." साहेब म्हणाले, "अहो, मी कॉलेजपासून स्कूटर चालवतोय." पहिल्याच वळणावर गाडी कलली, साहेबांचा पाय खाली गेला आणि मागचं चाक अगदी सावकाश त्यांच्या बुटावर चढून बसलं. इंजिन बंद पडलं. टायर मऊ होता, त्यामुळे इजा काहीच नाही, पण साहेब खिळा ठोकल्यासारखे उभे. गोपभाईंनी वाकून हवा सोडली. फुस्स... तो आवाज आणि फोटोग्राफरचा फ्लॅश एकदमच झाला. प्रस्तावाचं काय झालं हे सांगायला नको.

पुढच्या रविवारी सुधाकर आला, माझ्या ओट्यावर बराच वेळ बसला आणि म्हणाला, "भंगारात घालण्याआधी एकदा फिरवून आणू." आम्ही बारवी धरणाच्या बाजूला गेलो. डोंगराच्या पायथ्याला हिराबाई भेटल्या. खालच्या गिरणीतून दळण डोक्यावर घेऊन त्या वरच्या वाडीला निघाल्या होत्या. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली. "चढंल का ह्ये?"

"चढेल."

"पडंल का?"

"पडेल. पण पाय वर ठेवलेत तर लागणार नाही."

"मंग ठेवते की," असं म्हणून त्या पिठाचं पोतं घेऊन माझ्या जागी मागे बसल्या, आणि मी मागून चालत निघालो. दगडधोंड्यांतून, पाणंदीच्या चिखलातून गाडी डुलत वर गेली, आणि हिराबाईंचे पाय एकदाही खाली आले नाहीत. परतताना सुधाकर म्हणाला, "त्यांना स्कूटर येत नाही ना, म्हणून जमलं." परतताना म्हणजे चालत. गाडी त्याने वरच ठेवली होती.

त्यानंतर दर रविवारी पाना-पक्कड घेऊन तो वाडीवर जाऊ लागला. गाडीवरून दळण गेलं, भाताची रोपं गेली, एकदा नवरदेवही गेला. मध्यंतरी परदेशात या तीनचाक्या उलटतात म्हणून बंद झाल्याचं त्याच्या वाचनात आलं. "चौथं चाक लावलं म्हणे त्यांनी," तो म्हणाला, आणि वर पुस्ती जोडली, "भित्रे." इतका समाधानी माणूस मी शोकसभेच्या व्यासपीठावर कधी पाहिलेला नाही.

गेल्या आठवड्यात मी वाडीवर निरोप द्यायला गेलो. आता अर्ध्या वाटेपर्यंत डांबरी रस्ता झाला आहे. तो संपतो तिथे तीनचाकी उभी होती. इंजिन कितवं कोण जाणे, पण गोपभाईंचं वेल्डिंग तेच. हिराबाईंची लेक मंजुळा मागे खताची गोणी बांधत होती. मी सांगितलं. तिने गोणीची दोरी पुन्हा सोडायला घेतली. मग म्हणाली, "माज्या आयला तुमीच सांगा काका. ती वर हाय. बसा मागं." तिने गोणी खाली ठेवली आणि मी बसलो. पहिल्या वळणावर गाडी कलली, आणि इतक्या वर्षांनीही माझा उजवा पाय जमिनीकडे निघाला.

"काका, पाय वर!" मंजुळा मागे न बघता ओरडली. तोच सूर, तोच वैताग.

मी पाय वर घेतले.