वटवट्याचा दुसरा साक्षीदार

आमच्या पक्षीवाल्या गटाचा एक नियम आहे आणि तो बाईंनी घातलेला आहे. पक्षी दिसला तर एकाने सांगितलं तरी चालतं. नुसता ऐकू आला तर मात्र दोघांनी ऐकलेला हवा, आणि वहीत त्या दोघांची नावं हवीत. बाईंची सगळी नोकरी प्राथमिक शाळेत गेली. हजेरी घेतल्याशिवाय त्यांना दिवस सुरू झाल्यासारखा वाटत नाही. निवृत्तीनंतर मुलं हाताशी राहिली नाहीत, म्हणून त्या पक्ष्यांची हजेरी घेतात. वहीसुद्धा शाळेतल्या हजेरीपटासारखी आखलेली, आणि शेवटचा रकाना ‘निरोप’. थंडीत उत्तरेकडून आलेला कोणता पाहुणा परत जाण्याआधी आपल्याकडे शेवटचा कधी होता, ते त्यात लिहायचं.

आम्ही रविवारी सकाळी साडेसहाला तळवड्याच्या मागे इंद्रायणीच्या काठावर जमतो. फेब्रुवारी संपत आला की काठावर लग्नघर रिकामं होताना असते तशी गडबड असते. एका रविवारी धोबी पक्षी शेपट्या हलवत काठभर पसरलेले असतात, पुढच्या रविवारी चार दिसतात. गटात आयटी पार्कातली पाच-सहा मुलं आहेत, गळ्यात हातभर लेन्स अडकवलेली. ज्याचा फोटो निघत नाही तो पक्षी त्यांच्या लेखी जन्मालाच आलेला नसतो. काळेवाडीत टू-व्हीलरचं गॅरेज चालवणारे एक भाई आहेत. ही सगळी मंडळी झपाझप पुढे जातात. मागे राहतो ते आम्ही दोघं. बाई गुडघ्यांमुळे, आणि मी बाईंना सोबत म्हणून. निदान मी तसं सांगत असे. खरं म्हणजे पुढच्या घोळक्यात सगळे कुजबुजत बोलतात, आणि मला त्यातलं अक्षर कळत नाही.

मी आधी भोसरीत आणि मग चाकणला, प्रेस शॉपमध्ये नोकरी केली. पत्र्यावर प्रेस आदळला की पायाखालची जमीन हलायची. कंपनी कानात घालायला बोळे द्यायची, ते आम्ही शर्टाच्या खिशात घालायचो. कानात घातले तर सुपरवायझरच्या शिव्या ऐकू येत नाहीत, आणि मग तो जवळ येऊन देतो, असं आमचं शास्त्र होतं. त्या शास्त्राचं फळ निवृत्तीनंतर हातात पडलं. समोरासमोर बोललेलं समजायचं. टिटवी, कोकीळ, बुलबुल ऐकू यायचे. पण बारीक, टोकदार आवाज गेले ते गेलेच. हे मी कोणाला सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

हिरवट वटवट्याचा आवाज नेमका तसला. चिमणीहून लहान, पानाच्या रंगाचा पक्षी. बाभळीच्या शेंड्यात बसला की देवालाही सापडायचा नाही. त्याला ओळखायचं ते ‘चिस्-ली’ अशा बारक्या हाकेवरून. तीन वर्षांपूर्वी मार्चमध्ये बाई एका बाभळीखाली थबकल्या, बोट वर केलं आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, “ऐकलंत ना, भाऊ?”

मला फक्त नदीपलीकडचा ट्रक ऐकू येत होता. मी म्हणालो, “ऐकलं.”

त्यात कोणाचं काय बिघडणार होतं? बाईंचा कान तयारीचा. त्या म्हणतात म्हणजे पक्षी असणारच. मी नाही म्हटलं असतं तर नियमापायी खऱ्या पक्ष्याची गैरहजेरी लागली असती, आणि वर माझं बिंग फुटलं असतं. बाईंनी त्यांच्या नावाशेजारी माझं नाव लिहिलं आणि मला भारी वाटलं. मग सवयच लागली. तीन मोसम मी त्या वटवट्याचा दुसरा साक्षीदार होतो. एक गोष्ट माझ्या लक्षात यायला हवी होती, ती आली नाही. मी ‘ऐकलं’ म्हटलं की बाईंचा चेहरा एकदम सैल व्हायचा. नोंद मिळाल्याचा आनंद असेल, असं मी समजायचो.

गेल्या वर्षी मे महिन्यात ऑइल बदलायला मी स्कूटर घेऊन भाईंच्या गॅरेजवर गेलो. त्यांनी मला गल्लीच्या तोंडाशीच येताना पाहिलं होतं.

“काका, पुढचा ब्रेक शिट्टी मारतोय,” ते म्हणाले. “किती दिवस झाले?”

“कुठे काय मारतोय?”

भाईंनी स्कूटर हातात घेतली, दहा पावलं चालवली आणि ब्रेक दाबला. समोरच्या किराणावाल्याने कानावर हात ठेवला. मी नुसता बघत राहिलो. भाईंनी पुन्हा दाबला, पुन्हा माझ्याकडे पाहिलं, आणि स्कूटर आत घेतली. इंजिनाच्या आवाजावरून दुखणं सांगणारा माणूस तो. त्याला माझं दुखणं कळायला कितीसा वेळ लागणार?

चहा आल्यावर ते म्हणाले, “राग नका मानू काका, एक विचारतो. तो वटवट्या एप्रिल संपेस्तोवर निघून जातो ना? वहीत तर मागच्या रविवारीपण लावलाय. बाई आणि तुम्ही. मी नंतर त्याच झाडाखाली अर्धा तास उभा राहिलो. कायच नव्हतं तिथं.”

“बाईंनी ऐकला.”

“आणि तुम्ही?”

मी चहाच्या ग्लासाकडे बघत म्हणालो, “मला नाही येत ऐकू. एकदाही नाही आला.”

“मग बाईंना काय ऐकू येतंय?” भाई म्हणाले.

हा प्रश्न मला दोन वर्षांत पडला नव्हता. मी माझं झाकण्यात इतका गुंतलो होतो, की माझ्या ‘ऐकलं’वर दुसरं कोणी भार टाकून उभं असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. तिने भाजी निवडणं थांबवलं नाही. “तुम्हाला ऐकू येत नाही हे मला कधीचं माहीत आहे,” ती म्हणाली. “मला वाटायचं, फक्त माझंच येत नाही. पण आजच्या आज बाईंकडे जा. उद्यावर टाकलंत तर तुम्ही सांगणार नाही.” ती मला पुरती ओळखून आहे.

बाई एकट्या राहतात. त्यांनी पाणी दिलं, पंखा वाढवला आणि समोर बसल्या. वही टेबलावरच होती. मी वहीकडे बघत सांगून टाकलं. “बाई, मी खोटं बोललो. त्या वटवट्याचा आवाज मला कधीच आलेला नाही.”

मला वाटलं होतं त्या रागावतील, कोपऱ्यात उभं करतील. ते परवडलं असतं. पण त्या खुर्चीत मागे टेकल्या आणि हळूच म्हणाल्या, “एकदाही नाही?”

“नाही.”

“म्हणजे मेमध्ये तो नव्हताच.”

मग त्यांनी सांगितलं. तो आवाज त्यांना फक्त बाभळीखाली येत नव्हता. आधी मार्चात काठावर आला, मग स्वयंपाकघरात येऊ लागला, न्हाणीघरात येऊ लागला, पहाटे जाग आली की उशाशी. चिस्, चिस्. त्यांच्या थोरल्या बहिणीला म्हातारपणी कोणीतरी हाक मारतंय असे भास व्हायचे. आधी घरातले हसले, मग डॉक्टरांच्या फेऱ्या झाल्या, शेवटी ती कोणाला ओळखेनाशी झाली. “माझंही तसंच सुरू झालंय का, ते मी दर रविवारी बघत होते,” बाई म्हणाल्या. “तुम्ही ‘ऐकलं’ म्हणालात की आठवडा बरा जायचा. दोघांना येतो तो भास नसतो ना.”

नियम त्यांचाच, आणि तो त्यांनी स्वतःलाच लावला होता. त्यात खोटी साक्ष माझी. मला आयुष्यात इतकी लाज वाटली नव्हती, आणि भीतीही वाटली. बाईंना खरंच तसलं काही असेल, तर दोन वर्षं मी त्यांना दवाखान्यापासून लांब ठेवलं होतं. मी तसं म्हणालो. त्या म्हणाल्या, “आता रडू नका भाऊ, मला रडायचंय.”

दोन दिवसांनी आम्ही कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेलो. बरोबर माझी बायकोही होती. ती म्हणाली, “तुम्ही दोघंच गेलात तर डॉक्टर काय म्हणाले ते सांगणार कोण?” बाईंच्या उजव्या कानात मळाचा खडा घट्ट बसला होता, आणि रक्तदाब बराच वर होता. दोन्हींमुळे कानात असले आवाज येऊ शकतात, असं डॉक्टर म्हणाले. तरी मनात किंतू नको म्हणून त्यांनी डोक्याचा स्कॅन करायला सांगितला आणि स्मरणशक्तीच्या तपासणीला पाठवलं. रिपोर्ट येईपर्यंत मी रोज संध्याकाळी बाईंना फोन करायचो आणि आम्ही जिन्यातल्या कबुतरांबद्दल बोलायचो, दुसऱ्या कशाबद्दलही नाही.

रिपोर्टमध्ये काळजीचं काही नव्हतं. स्मरणशक्तीच्या तपासणीत तर बाईंनी तपासणाऱ्या मुलीचंच शुद्धलेखन दुरुस्त केलं होतं. ते ऐकलं आणि माझ्या जिवात जीव आला. परतताना रिक्षात बाई खूप रडल्या, आणि मग रिक्षावाल्याने आरशातून बघितलं म्हणून हसायला लागल्या. बाईंच्या कानातला खडा निघाला आणि मी तो माझ्या कानाला लावला.

माझीही तपासणी झाली. मशीन बसलं. आता मला चपलांचा आवाज येतो, पेपरची पानं उलटलेली कळतात, आणि बायको स्वयंपाक करताना पुटपुटते तेही ऐकू येतं. ते नसतं आलं तरी चाललं असतं. मात्र अगदी वरच्या पट्टीतलं काही मशीनलाही सापडायचं नाही, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं.

वही दुरुस्त करायला बाईंनी मला समोर बसवलं. एकेका नोंदीवर त्या लाल पेन टेकवायच्या आणि विचारायच्या, “ही?” मी म्हणायचो, “ही पण.” मार्चमधल्या काही खऱ्या असतील, असं मी सुचवून पाहिलं. “असतील,” त्या म्हणाल्या, “पण साक्षीदार एकच होता.” आणि रेघ मारली.

बाईंच्या कानातला आवाज पावसाळ्याआधीच थांबला. पण पुन्हा तसा आवाज आला तर तो झाडावरचा की आपला, ही धाकधूक काही गोळ्यांनी जात नाही. यंदाच्या मार्चमध्ये एका रविवारी त्या त्याच बाभळीखाली थबकल्या. बोट वर गेलं. “ऐकलंत, भाऊ?”

मी मशीन वाढवलं. ट्रक आला, नदीचं पाणी आलं, माझा स्वतःचा श्वास आला. बाईंच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं. ‘ऐकलं’ म्हणणं तेव्हा इतकं सोपं होतं, की शब्द ओठापर्यंत आला होता.

“नाही, बाई,” मी म्हणालो. “मला नाही आला.”

त्यांचं बोट खाली आलं. पुढचा घोळका बराच लांब गेला होता. मी भाईंना हाक मारून बोलावलं. म्हणालो, “काय ते विचारू नका. इथे उभं राहून फक्त ऐका.” भाई बंद पडलेल्या गाडीजवळ उभे राहतात तसे मान तिरकी करून उभे राहिले. बाईंनी वही छातीशी धरली होती. पलीकडे आळंदीची बस गेली, तिचा आवाज विरेपर्यंत कोणी हललं नाही.

“आहे की,” भाई म्हणाले. “चिस्-ली. डाव्या फांदीत. हे घ्या, परत बोलला.”

बाईंचा चेहरा सैल झाला. तो मी दोन वर्षं पाहत आलो होतो, पण त्याला कारणीभूत पक्षी पहिल्यांदाच खात्रीने झाडावर होता. त्यांनी वही उघडली, वटवट्याचं नाव लिहिलं, पुढे स्वतःचं आणि शेजारी भाईंचं. मी त्यांच्या खांद्यावरून वाचलं. माझं नाव कुठेच नव्हतं. मी चष्मा पुसून ती ओळ पुन्हा एकदा वाचली.