आत कोन हाय का?

या सदरातले अनुभव मी नेमानं वाचते आणि नेमानं हसते. वडाखाली पांढऱ्या साडीतली बाई... अहो, त्या बाईला कधी दुसरी साडी मिळत नाही का? दुपारी नणंदेला मोठ्यानं वाचून दाखवायचं आणि दोघींनी खिदळायचं, एवढाच माझा भुताखेतांशी संबंध. आजही मी भूतबीत मानत नाही. तरी लिहितेय. तुम्ही खुशाल हसा, तुमच्या जागी मीही हसलेच असते.

आम्ही सांगलीचे, जैन. सासऱ्यांपासून बेदाण्याचा व्यापार. आता तो आमचे हे बघतात — म्हणजे मोबाईलमधून मान वर काढली तर बघतात. गेल्या वर्षी यांना एक नवंच वेड लागलं. बर्फात व्हॅन लावून आत कॉफी पिणाऱ्या गोऱ्या जोडप्यांचे व्हिडिओ. एक दिवस चहा घेता घेता म्हणाले, "आपण पण व्हॅन करू. ऐन थंडीत डोंगरावर जाऊन राहायचं. हॉटेल नको, काही नको."

मी म्हटलं, "सांगलीच्या थंडीत तुम्ही कानटोपी घालून अंघोळीला जाता. डोंगरावर काय करणार?"

पण ऐकतील तर शपथ! बेदाण्याच्या पेट्या वाहणारी आमची जुनी व्हॅन अंगणात उभी होती, तिच्यावर हे तुटून पडले. पाडलेल्या एका कोल्ड स्टोरेजचे पांढरे जाड पॅनेल आणून आतून चारी बाजूंनी ठोकले. दाराला रबर. छताला हवेसाठी जाळी होती, तिच्यातून गार वारं येतं म्हणून तीही फोम कोंबून बुजवली. शिक्षण बी.कॉम., पण ऐट अशी की विमानच बनवतायत. येईल त्याला आत बसवायचे, दार ओढायचे आणि विचारायचे, "आहे का बाहेरचा आवाज? थर्मास झालाय, थर्मास!"

झोपायला फळी हवी होती. ती कुठून आणली? तर मामंजींच्या धुरीच्या खोलीचं दार! मामंजी म्हणजे माझे सासरे. ते जाऊन काही वर्षं झाली, बेदाण्याचं शेडही मोडकळीला आलं होतं, पण त्या खोलीचं सागवानी दार ठणठणीत होतं. यांनी ते उपसून आणलं आणि व्हॅनमध्ये आडवं टाकून त्यावर गादी घातली.

धुरीची खोली म्हणजे काय ते सांगायला हवं. बेदाणा पिवळाधमक दिसावा म्हणून त्याला गंधकाची धुरी देतात. खोली बंद करायची आणि आत गंधक धुमसत ठेवायचं. त्या धुरात चुकून माणूस राहिला तर त्याचं काही खरं नाही. म्हणून मामंजींची एक पद्धत होती. दार ओढून घेतलं की त्यावर तळहातानं जोरात थाप मारायची आणि ओरडायचं, "आत कोन हाय का?" मग कान देऊन थांबायचं. पुन्हा थाप, पुन्हा तीच हाक. उत्तर नाही आलं की कडी.

नवी नवरी होते तेव्हा मला याचं फार हसू यायचं. एकदा म्हटलंही, "मामंजी, आत्ताच तर सगळी खोली बघून आलात की!"

"इचारायला काय पैसं पडत्यात व्हय गं?" म्हणाले आणि कडी घातली. मी आणि नणंद मग न्हाणीघराच्या दारावर थापा मारून त्यांची नक्कल करायचो.

असो. तर जानेवारीत आमची स्वारी निघाली. पाचगणीच्या पुढं यांच्या ओळखीच्या माणसाचं स्ट्रॉबेरीचं शेत आहे, त्याच्या कडेला व्हॅन लावायची ठरली. सासूबाई म्हणाल्या, "मला एकटीला टाकून कसं जाताय ते बघते." आल्या. त्या कानानं ठार बहिऱ्या. मशीन लावलं तरच ऐकू येतं, आणि ते मशीन "कुईकुई करतंय" म्हणून कायम पर्समध्ये. सोबत त्यांनी घरची कोळशाची शेगडी घेतली. हे म्हणाले, "आई, आपल्याकडं हीटर आहे, लाजवशील मला."

तो ऑनलाइन मागवलेला हीटर पोचल्या पोचल्या एकदा खोकला आणि कायमचा गप्प बसला. बॅटरी संपली म्हणून इंडक्शनही बंद. बाहेर असलं बोचरं वारं की शेगडी पेटायची आणि ठिणग्या शेतभर उडायच्या. इकडं ऊन उतरायला लागलेलं. सासूबाईंचा सूर्यास्तानंतर पाण्याचा घोटही न घेण्याचा नेम, आणि पाणी प्यायचं तेही उकळलेलंच. त्या सारख्या पश्चिमेकडं बघत होत्या. शेवटी यांनी पेटती शेगडी उचलली, व्हॅनमध्ये ठेवली, आम्हाला आत घेतलं आणि दार ओढलं. "घाल खिचडी. आता वाऱ्याचा बाप आला तरी विझायची नाही."

खिचडी झाली, पाणी उकळलं, सूर्य असतानाच जेवणं झाली. आत छान ऊब आली होती. यांच्या चेहऱ्यावर काय तो विजय! "बघितलंस? हसत होतीस." निखारे तसेच ठेवले, ऊब राहावी म्हणून.

माझं डोकं ठणकायला लागलं. वाऱ्यानं असेल म्हटलं. हे टेकून बसल्या बसल्या तोंड उघडं टाकून झोपले. सासूबाई गादीवर आडव्या झाल्या होत्या. दाराच्या काचेतून मावळतीचं पिवळं ऊन येत होतं. भांडी आवरावीत असं मनात आलं, पण हात उचलेना. आणि खरं सांगते, फार बरं वाटत होतं. असंच पडून राहावं, कुणी उठवू नये.

तेवढ्यात थाप पडली.

"आत कोन हाय का?"

तो आवाज मी ओळखणार नाही होय? इतकी वर्षं ज्याची नक्कल केली तो आवाज! घाबरले वगैरे नाही, इतकंच वाटलं की उत्तर द्यायला हवं. पण जीभ हलेना. यांचं घोरणं चालूच होतं. मला माहीत होतं, आता ते कान देऊन उभे आहेत. मी आतल्या आत ओरडत होते. पुन्हा थाप पडली, पुन्हा तीच हाक.

आणि ठार बहिऱ्या सासूबाई ताडकन उठून बसल्या. "आवं हाय की! आमी हाय आत! कडी घालू नगा!" असं ओरडत त्यांनी अंग टाकून दाराची मूठ ओढली आणि दारासकट बाहेर कलंडल्या. गार वारं आत शिरलं. मी रांगत बाहेर पडले, मग यांना कॉलरला धरून ओढलं. हे मातीत पडून ओकत होते आणि सासूबाई त्यांच्या पाठीवर गुद्दे घालत होत्या, "ऊठ रं! ऊठ माझ्या लेकरा!" म्हातारी तेव्हा ज्या आवाजात रडली, तो अजून माझ्या कानात आहे.

शेतात चिटपाखरू नव्हतं. चारी बाजूंनी उघडं रान. कुणी आलं-गेलं असतं तर दिसलं असतं.

माझा मिरजेचा डॉक्टर भाचा म्हणतो, "मामी, कोळशाचा गॅस. त्यात भास होतात." गॅसचं कबूल, शंभर टक्के कबूल. आमच्या विमानवाल्यांनी तिघांना मारायचंच काय ते बाकी ठेवलं होतं. पण दोन बायकांना एकदमच एकच भास? त्यातली एक बहिरी, आणि तिचं मशीन पर्समध्ये! त्यावर भाचेबुवा घड्याळ बघतात. आमचे हे म्हणतात, "माकड असेल." मी विचारलं, "माकड 'आत कोन हाय का' म्हणतं?" त्यांनी मोबाईलमध्ये मान घातली. आणि अजून एक. थाप लाकडावरची होती. बाहेरून व्हॅन सगळी पत्र्याची, आतून प्लॅस्टिकचे पॅनेल. लाकूड एकच होतं, सासूबाईंच्या गादीखालचं.

गल्लीतल्या बायका हात जोडतात. "तुझ्या मामंजींनी वाचवलं गं बाई, पुण्याई!" मीही तेच म्हणत होते, म्हणता म्हणता दोनदा रडलेही. परवा सासूबाई तांदूळ निवडत होत्या. मशीन लावलेलं होतं. माझं ऐकून घेतलं आणि मान वर न करता म्हणाल्या, "वाचवायला कशाचं येत्यात? आपण आत हाय ते त्यास्नी काय म्हाईत? त्यांनी आपलं इचारलं, रोजच्यासारखं."

"म्हणजे?"

"म्हंजी काय? दोनदा इचारलं. तिसऱ्यांदा ते कवाच इचारत न्हवतं."

आणि तांदळातला खडा काढून बाजूला टाकला.

व्हॅन विकली. ते दार मात्र सासूबाईंनी कुणाला देऊ दिलं नाही, अजून त्याच्यावरच झोपतात. याचं स्पष्टीकरण माझ्याकडं नाही आणि तुमच्याकडंही नसणार, उगाच शहाणपणा नको. फक्त आता आमच्या दारावर कुणाचीही थाप पडली की मी हातातलं टाकून ओरडते, "आहोत, आहोत! आत आहोत आम्ही!" कुरिअरवाला हसतो. हसू दे. मी उत्तर देते ते दुसरी थाप पडायच्या आत.